बांधाखालची कावेरी

"वन्स, सतीशच्या तळ्याच्या बांधाखाली कावेरी आली!" महालक्ष्मीनं फोनवर सांगितलं.

कमलाक्षीनं विचारलं, "पाणी निवळ आहे कीं गढूळ?"

महालक्ष्मी ही तिच्या थोरल्या भावाची, रघोजीची बायको. ती पलीकडून चिडलीच. "तुम्ही असंच विचारणार! बायका कुंकू वाहताहेत, दिवे लावताहेत, आणि तुम्हांस निवळ-गढूळ पडलंय."

कमलाक्षीनं फोन ठेवला, पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. कावेरी वाहते तिरुवैयारूला. तंजावूरहून वल्लमच्या बाजूला निघालं की जमीन चढत जाते, भातशेती मागं पडते, माती लाल होते. त्या माळावर कावेरी येणार कशी? आणि आलीच, तर नेमकी एका खाजगी तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशीच का येईल? सारा जन्म तिनं सरकारी पाटबंधारे खात्यात बांध, कालवे आणि दरवाजे तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाली तेव्हा ती चांगली मोठी इंजिनियर होती, पण घरातले लोक तिला अजून ओव्हरसियरच म्हणत. हिच्या पानात भात वाढला तरी ही आधी खडे शोधते, असं महालक्ष्मीच पाहुण्यांना हसत हसत सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच ती तिथं जाऊन धडकली.

सतीशकुमार हा महालक्ष्मीचा धाकटा भाऊ. माणूस गोड, हसरा, कोणालाही नाही न म्हणणारा. त्यानं वल्लमच्या पलीकडं एक जुनं छोटं तळं आणि भोवतालची जमीन घेतली आणि आईच्या नावानं तिथं 'राजम लेक गार्डन' काढलं. पॅडल मारायच्या हंसाच्या होड्या, हिरवळ, मुलांना घसरगुंड्या, आणि बांधाच्या खालच्या अंगाला लग्नमुंजींसाठी मोठा मांडव. मांडव तिथंच का, तर बांधाची सावली पडते आणि फोटोत मागं हिरवा उतार छान दिसतो. होड्यांना पाणी कमी पडतं म्हणून जेसीबीनं माती टाकून त्यानं बांध उंच करून घेतला होता. ती माती कोणी दाबली नाही, ठोकून बसवली नाही, ओतली आणि वर हिरवळ अंथरली. विंधणविहिरींचे पंप लावून तळं बाराही महिने काठोकाठ भरलेलं. सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा मिळत नसे.

आणि आता बांधाच्या पायथ्याशी दगडांच्या सांदीतून पाणी झरत होतं. सतीशनं त्याच्याभोवती फरशीचं कुंड बांधून घेतलं होतं, पितळेचं गोमुख बसवलं होतं, शेषम्मा नावाच्या बाईला हार-फुलं करायला नेमलं होतं. गोमुखातून पडणारं पाणी तांबूस होतं.

"कुंकवाचं पाणी," शेषम्मा भक्तिभावानं म्हणाली. इतक्या बायका कुंकू वाहतात, म्हणून.

"आज कोणी वाहिलं कां कुंकू?" कमलाक्षीनं तमिळमध्ये विचारलं.

"अजून नाही अम्मा. आत्ताच तर कुंड घासून काढलं."

कुंड घासलेलं, कुंकू वाहिलेलं नाही, आणि पाणी तांबडं. कमलाक्षीनं पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी केली, गोमुखाखाली धरून भरली आणि कुंडाच्या कडेवर ठेवली. थोड्या वेळात बाटलीच्या तळाशी लाल मातीचा जाड थर बसला आणि वरचं पाणी निवळलं. मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याला कोणी भीत नाही. पण पाझर जेव्हा माती घेऊन यायला लागतो, तेव्हा बांध आतून पोखरला जात असतो. बाहेरून हिरवळ असते आणि आत बीळ पडत असतं.

तेवढ्यात सतीश आला, हात जोडून. "या या अक्का! दर्शन झालं?"

"सतीश, जादा पाणी बाहेर जायची वाट कोठे आहे? जुन्या तळ्याला असते ती. मी तेथे फिरले, मला दिसली नाही."

"ती होय? ती विटांनी बांधून बंद केली कीं. पाणी उगीच वाहून जात होतं. आता तेथे सेल्फी पॉइंट आहे." त्यानं कौतुकानं बोट दाखवलं. बांधाच्या एका टोकाला, जिथून भरलेल्या तळ्याचं पाणी सुखरूप निघून जायला हवं, तिथं विटांची भिंत होती, तिला गुलाबी रंग होता, आणि तिच्यावर बदामाच्या आकाराची मोठी चौकट होती.

कमलाक्षीचं डोकं फिरलं. "अरे, शहाणा कीं वेडा तू? ती भिंत आज फोड. पाणी अर्ध्यावर आण. पंप बंद कर. आणि ह्या मांडवात एक माणूस बसवू नकोस. बांध आतून चाललाय!"

"अक्का, अम्माच्या नावाचं तळं आहे. शुभ बोला." त्याचं हसू तसूभर हललं नाही. "इंजिनियर पाहून गेलाय."

"कोण इंजिनियर?"

"आमचा पोहायचा हौद बांधला, तो."

हौद बांधणारा! कमलाक्षी तिथून निघाली ती थेट आपल्या जुन्या कचेरीत गेली. तिच्या हाताखाली शिकलेला अधिकारी खुर्चीवरून उठून उभा राहिला, कॉफी मागवली, आणि म्हणाला, "मॅडम, तळं खाजगी आहे. आमच्याकडे येत नाही." महसूल कचेरीत म्हणाले, बांधाचं काम म्हणजे पाटबंधारे, त्यांनाच विचारा. पंचायतीत म्हणाले, अध्यक्ष तर आडी अठराच्या सणाला तिथं दीप सोडायला येणार आहेत, तेव्हा पाहतील. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळा. पाणी काय माणसाला बुडवताना जमिनीचा पट्टा कोणाच्या नावे आहे ते विचारतं? पण हा प्रश्न ती कोणाला विचारणार! कचेऱ्यांतून तिला नमस्कार भरपूर मिळाले आणि कॉफीही मिळाली.

हे सगळं तिनं कदाचित अजून धीरानं घेतलं असतं. पण त्या मांडवात आडी अठराला बसणार होती विनुता, रघोजीची मुलगी, तिची लाडकी भाची, सात महिन्यांची गर्भार.

तंजावूरच्या मराठी घरांत चालीरीती दोन्हीकडच्या मिसळलेल्या असतात. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला पूर येतो, आणि त्या दिवशी ती गर्भार आहे असं समजतात. म्हणून तिच्या डोहाळ्यांसाठी चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात करून लोक काठावर जातात. रघोजीच्या घराण्यात त्या सुमाराला कोणी लेकसून गर्भार असली, तर तिचं डोहाळजेवण त्याच दिवशी, पाण्याकाठीच व्हायचं. अर्धा आंबट भात नदीला, अर्धा पोरीला. आजवर हे सगळं तिरुवैयारूच्या घाटावर झालं. या वर्षी मामानं हट्ट धरला. घाटावर चेंगराचेंगरी, ऊन, आणि आपल्या घरची कावेरी असताना दुसरीकडं का जायचं? भाचीचे डोहाळे मामाच्या दारी.

कमलाक्षी बाटली घेऊन रघोजीच्या घरी गेली. तिनं ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सगळं समजावून सांगितलं. रघोजी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, भूगोल शिकवलेला माणूस. त्यानं बाटली उचलून उजेडाकडं धरली, हलवली, पुन्हा ठेवली.

"पाण्यात माती असतेच, कमळे."

"अण्णा, असते मणून सोडून द्यायचं? तुम्ही भूगोल शिकवलात ना?"

"वन्स, माझ्या भावानं हौसेनं आरंभलंय," महालक्ष्मी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "त्याला मूल नाही, बाळ नाही. भाचीचं करायचं मणतो. तुम्ही त्याच्या दारी मरणाच्या गोष्टी करता!"

"मरण टाळायच्या गोष्टी करते मी!"

"हळू बोल," रघोजी घाईनं म्हणाला, कारण आतल्या खोलीत विनुता निजली होती. "आणि एक सांगतो. पोरीच्या कानावर ह्यातलं काही घालू नकोस. पोटुशीपुढे अशुभ बोलू नये. घातलंस तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

जिच्या जिवाची गोष्ट, तिलाच सांगायची बंदी! बाकी सगळ्यांना ठाऊक, घरातल्या मोलकरणीलाही ठाऊक, आणि जी मांडवात मधोमध पाटावर बसणार तिला तेवढं ठाऊक नको. शुभ-अशुभाची ही कसली तऱ्हा? कमलाक्षीनं बाटली उचलली, पिशवीत टाकली, आणि जिना उतरताना मोठ्यानं, कोणाला ऐकू गेलं तर जावो अशा आवाजात, भावाच्या भूगोलाला शिव्या घातल्या.

तिला वाटलं होतं, जाऊच नये तिथं. मग वाटलं, वा, मी घरी बसू आणि पोर तिथं बसेल? ती गेली.

आधीच्या दोन संध्याकाळी वल्लमकडं वादळी पाऊस झाला होता. तळं तुडुंब भरलं होतं, बांधाच्या माथ्याला आणि पाण्याला वीतभराचंही अंतर नव्हतं, आणि गुलाबी भिंत पाणी अडवून उभी होती. सकाळपासून दुपारपर्यंत बाग घरच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, चार वाजता सगळ्यांना उघडणार. फाटकापासून आंब्याची तोरणं होती. मांडवात विनुता हिरव्या कांजीवरममध्ये पाटावर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले. तिचा नवरा चेन्नईहून दुपारच्या गाडीनं यायचा होता. बायका ओटी भरत होत्या, कोणी तमिळमध्ये गात होतं, कोणी मराठीत.

कमलाक्षी कोणाशी न बोलता कुंडापाशी गेली. गोमुख आता पुरत नव्हतं. त्याच्या बाजूच्या दगडांतून मनगटाएवढी धार फुटली होती, लालभडक, आणि तिच्याबरोबर वाळूचे खडे येत होते. तिच्यादेखत एक दगड सुटला आणि धार आणखी फुगली.

"पेरुक्कु! कावेरी वाढली!" कोणी बाई ओरडली. आडी अठराला तेच तर हवं, पाणी वाढायला हवं! मांडवातल्या बायकांनी जिभा हलवून कुलवै घातली, तो मंगल गजर बांधावर आदळून परत आला, आणि तांबे, कळशा, प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन सगळ्या कुंडाकडं धावल्या. पळून जायचं सोडून तिकडंच धावल्या.

"मागे व्हा! बांध फुटतोय! वर चला, सगळ्या वर चला!" कमलाक्षी हात पसरून ओरडली. तिचा आवाज त्या गजरात बुडाला. ज्या दोघीचौघींनी ऐकलं त्यांनी तिला बाजूला सारून कळशी भरली. एकीनं तर तिलाच कुंकू लावलं.

रघोजी धावत आला आणि तिचा दंड धरून कानाशी म्हणाला, "काय चालवलंस? आजच्या दिवशी?"

"अण्णा, डोळे फुटले कां तुमचे? ती धार पाहा!"

"आरती होऊ दे. मग बोलू. आरतीआधी पोरीनं पाट सोडायचा नाही, ठाऊक आहे ना तुला?"

सतीश मागं उभा होता, पांढऱ्या वेष्टीत, हात जोडून. "अक्का, सुम्मा काळजी करता. या, बसा, पायसम घ्या."

सुम्मा! उगीचच काळजी करते ही बाई! कमलाक्षीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं मारली नाही, कारण तेवढ्यात महालक्ष्मी चांदीच्या वाटीत कुंडाचं पाणी भरून विनुताकडं निघालेली तिला दिसली. कावेरीचं तीर्थ पोटुशीला प्यायला द्यायचं. कमलाक्षी तिच्या आधी पाटापाशी पोचली, वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि विनुतासमोर उकिडवी बसली.

"पिऊ नकोस. आत बोट घाल."

विनुतानं चकित होऊन बोट घातलं. वाटीच्या तळाशी बसलेली लाल माती तिच्या बोटाला लागली. तिनं ती अंगठ्यावर चोळली.

"काय हे आत्या?"

"बांध. तुझ्या पाठीमागचा. आतून झिजून बाहेर येतोय." भावानं घातलेली बंदी तिनं तिथंच मोडली. "मी ह्या सगळ्यांस सांगितलं, कचेऱ्यांतही सांगितलं. कोणी ऐकत नाही. तुला सांगू नये मणून बजावलंय मला. तू ऊठ."

विनुतानं मागं वळून बांधाकडं पाहिलं, मग आत्याकडं. तिला मराठी समजायची छान, बोलताना मात्र ती तमिळमध्ये शिरायची. आता ती मराठीतच, अगदी हळू म्हणाली, "किती वेळ आहे?"

"ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत टिकेल, कदाचित आत्ता जाईल."

"मी उठले तर एकटीच उठेन. हे सगळे एथेच राहतील." मग तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि मोठ्यानं हाक मारली, "अम्मा! मला डोहाळा लागलाय!"

कुंडाकडं धावलेल्या बायका माघारी वळल्या.

"मला वर पिळ्ळैयारच्या देवळाच्या पायरीवर बसून दहीभात खायचाय. आत्ता."

फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या उंचवट्यावर गणपतीचं एक लहानसं देऊळ होतं, समोर मोठं कडुलिंबाचं झाड. महालक्ष्मीचा चेहरा गोरामोरा झाला. "अगं, आरती तरी..."

"आरती तेथे करा. आत्ता नाही खाल्लं तर मला ओकारी होईल."

आणि झालं! जे एका इंजिनियरनं घशाला कोरड पडेपर्यंत ओरडून झालं नाही, ते एका डोहाळ्यानं झालं. पोटुशीला लागलेल्या डोहाळ्याला नाही कसं म्हणायचं? तिनं तसं म्हटल्यावर आरतीआधी पाट न सोडायचा नियमही कोणाला आठवला नाही. दोघींनी तिला हात धरून उठवलं, एकीनं पाट उचलला, एकीनं आरतीचं तबक. ओटीचं सामान, समया, केळीची पानं, सगळं निघालं, आणि जिथं पोर तिथं आरती म्हणून अख्खा गोतावळा तिच्यामागं चढ चढू लागला. कमलाक्षीचा राग गेला नव्हता, आणि तरीही तिला हसू येत होतं. भाचीचा इतका अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

वर पोचल्यावर विनुतानं खाली नजर टाकली. स्वयंपाकी अजून चुलीपाशीच होते.

"दहीभात नुसता नको. सगळे भात हवेत, पातेल्यांसकट. मला पातेल्यातला वास हवा."

स्वयंपाकी पातेली खांद्यावर घेऊन कुरकुरत वर आले. मग तिला शेषम्माच्या हातचीच वेणी केसांत माळायची होती, म्हणून कुंडापाशी घंटा वाजवत बसलेली शेषम्मा फुलांची टोपली घेऊन वर आली. होड्यांवरच्या माणसांनी समोर उभं राहून होडीचं गाणं म्हणावं असं तिला वाटलं. ते लाजत लाजत आले, त्यांना कुठलंच गाणं येत नव्हतं, तरी तिनं त्यांना जाऊ दिलं नाही. खाली आता एकटा सतीश उरला होता, रिकाम्या मांडवात खुर्च्या सरळ करत, आपला कार्यक्रम असा विसकटलेला पाहून फुगलेला.

"मामानं वाढल्याशिवाय मी घास घेणार नाही!" विनुता ओरडली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि आता कमलाक्षीनं तिचा हात घट्ट धरला होता.

मामा आला. भाचीनं बोलावलं म्हणून फुगवटा गिळून, हसत आला. त्यानं वेष्टी सावरली, दहीभाताचा डाव भरला, आणि पहिला घास तिच्या पानात पडला तेव्हा खालून आवाज आला.

तो फार मोठा आवाज नव्हता. ओली चादर झटकावी तसा होता. कुंडाच्या फरश्या उडाल्या. गोमुख दिसेनासं झालं. बांधाचा मधला भाग, हिरवळीसकट, हळूच खाली बसला, एखादा माणूस दमून बसतो तसा, आणि त्या खळग्यातून तळं बाहेर आलं. मांडवाचे लोखंडी खांब वाकले, खुर्च्या गेल्या, चुली गेल्या. विनुता जिथं बसली होती तिथं लाल पाण्याचा लोंढा उसळत होता. हंसाच्या होड्या खिंडारातून एकामागून एक बाहेर पडून सुरूच्या बनात जाऊन अडकल्या.

कमलाक्षीनं विनुताला जवळ घेतलं आणि ती मोठ्यानं रडली. नाही म्हणायला तिला आनंदही झाला होता, पोर जिवंत होती. पण रडू आलं ते संतापानं.

तासाभरात तहसीलदार जीपमधून आला, मागोमाग पंचायतीचे अध्यक्ष, मागोमाग फोन उंच धरलेली पोरं. आणि सतीश? सतीशनं तोंड धुतलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, आणि तो पुन्हा हात जोडून उभा होता. त्याच्या तोंडून तमिळमध्ये अखंड धार लागली होती.

"अतिवृष्टी झाली सार. निसर्गापुढं कोणाचं काय चालतं? पण कावेरीअम्मनची कृपा. आम्ही वेळेवर सगळ्यांना वर हलवलं. एक जीव गेला नाही. कसलीच हानी नाही."

लोंढा आला तेव्हा सुरूच्या बनापलीकडं एका बाईच्या शेळ्या चरत होत्या. ती बाई तिकडं छाती पिटत होती, पण त्या शेळ्यांचं इथं कोणी नाव काढलं नाही.

बायका माना डोलवत होत्या. कावेरीच पोरीच्या तोंडून बोलली, असं त्या आपसांत म्हणत होत्या. गर्भार कावेरीनं गर्भार पोरीला सावध केलं. एकीनं विनुताच्या पायाला हात लावला. अध्यक्ष म्हणाले, इथं देवीचं देऊळ व्हायला हवं, आणि सतीशनं लगेच होकार दिला. नवा बांध आणखी उंच करू, देऊळ त्याच्या पायथ्याशीच.

कमलाक्षी पुढं झाली, पण तिच्या आधी विनुता उठली. कडुलिंबाला टेकून बसलेली ती पोर, हातांत भरगच्च बांगड्या, पदराला दहीभात लागलेला, सरळ तहसीलदारासमोर जाऊन उभी राहिली.

"सार, ह्यांनी आम्हाला हलवलं नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. "ह्यांनी आम्हाला तिथं बसवलं होतं."

"विनू!" महालक्ष्मी कळवळली. मराठीत म्हणाली, "मामा आहे तो तुझा. पोटुशीनं असं बोलू नये."

"पोटुशी आहे मणूनच बोलते." मग पुन्हा तहसीलदाराकडं वळून, "आणि मला डोहाळा लागला नव्हता. मी खोटं बोलले. कावेरी-बिवेरी कोणी बोललं नाही. माझ्या आत्यानं सांगितलं बांध फुटतोय, म्हणून मी उठले. तिनं हे ह्या सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, तुमच्या कचेरीतसुद्धा. कोणी उठलं नाही. मी खोटं बोलल्यावर सगळे उठले."

कुलवै घालणाऱ्या बायका खाली पाहू लागल्या. तहसीलदारानं घसा खाकरला आणि रघोजीकडं पाहिलं. मुख्याध्यापक म्हणून तो त्याला ओळखत होता. "सार, हे खरं आहे?"

रघोजीनं मेव्हण्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं.

"खरं आहे," तो म्हणाला. "तिनं सांगितलं होतं. मीच तिला गप्प बसवलं."

कमलाक्षीला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की राग उतरेल. उतरला नाही. उलट वाढला, कारण त्याच वेळी तिला बागेच्या टोकाकडून जेसीबी सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला. सतीशचा मुकादम यंत्र घेऊन गुलाबी भिंतीकडं निघाला होता. बांध मधोमध फुटला होता, पण भिंत जशीच्या तशी, बदामाच्या चौकटीसकट उभी होती. कोणीतरी आता शहाणपणानं तिकडं इशारा केला होता. जुनी वाट मोकळी दिसली, तर मग अतिवृष्टीशिवाय दोष कोणाला?

ती धावली. या वयात, जरीच्या लुगड्यात, चिखलातून, एक चप्पल मागं सोडून धावली, आणि यंत्राच्या दातांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन पाठ टेकून उभी राहिली. मुकादम ओरडत राहिला, सतीश दुरून "अक्का, अक्का" करत राहिला. जी भिंत फोडा म्हणून ती इतके दिवस दारोदार हिंडली होती, तिच्या एका विटेलाही तिनं कोणाला हात लावू दिला नाही, तहसीलदार चिखल तुडवत तिथं येऊन ती डोळ्यांनी पाहीपर्यंत.